बॅकग्राउंड ब्लर हवाय? एफ-नंबर नंतर, आधी भोक आणि मोकळी जागा

[शनिवारवाडा, दिल्ली दरवाज्यासमोर]

नमस्कार! इथे रोज एक फोटो हमखास निघतो. माणूस तटाला पाठ टेकून उभा, लेन्स एफ १.८ वर, आणि तरी मागचा दगड न् दगड मोजता येतो. मग वाटतं, लेन्सच बदलायला हवी. थांबा, लेन्सचा दोष नाही.

मागचं किती विरघळणार, हे ठरवणाऱ्या गोष्टी दोनच. पहिली म्हणजे लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, प्रत्यक्षात किती मिलिमीटरचं आहे. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याला, एफ-नंबरने, म्हणजे एफ पुढच्या आकड्याने भागायचं. ५० मिमी, एफ १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिमी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स १८ वर, एफ ३.५ ला फक्त ५ मिमी. तीच ५५ वर नेली की एफ ५.६ होतं, म्हणजे आकडा बिघडला असं वाटतं, पण भोक झालं १० मिमी. दुप्पट! म्हणून किट लेन्स असेल तर झूम पूर्ण ताणा आणि मग पुढे-मागे होऊन फ्रेम जुळवा.

दुसरी गोष्ट, माणसाच्या मागे किती जागा आहे. हिशेब सोपा आहे: माणसापासून मागच्या वस्तूचं अंतर, भागिले कॅमेऱ्यापासून त्या वस्तूचं अंतर, गुणिले भोक. मागचा बारीकसा ठिपका चेहऱ्याच्या मापाने केवढा पसरेल, ते यातून कळतं.

[टेप दाखवा]

माणूस २ मीटरवर, तट त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर. अर्धा भागिले अडीच, गुणिले २८. साडेपाच मिमी. काहीच नाही! आता माणसाला तटापासून ८ मीटर पुढे आणा आणि आपणही तेवढंच मागे सरका. आठ भागिले दहा, गुणिले २८. बावीस मिमी! सेटिंग तेच, लेन्स तीच, एक रुपया खर्च नाही. समोर एवढं पटांगण आहे, ते वापरा की!

५५-२५० मिमीची झूम लेन्स असेल तर २५० वर एफ ५.६ ला भोक ४५ मिमीच्या घरात जातं. पण कमरेपासून वरचा फोटो घ्यायला क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) आठेक मीटर मागे जावं लागतं, आणि माणसाच्या मागेही तशीच ऐसपैस जागा लागते. सारसबागेच्या हिरवळीवर ते जमतं, पेठेतल्या गल्लीत नाही.

[सारसबाग]

आता फसतं कुठे? क्रॉप सेन्सर, ५० मिमी, एफ १.८, अंतर २ मीटर: नितळ पट्टा, म्हणजे पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढी जागा, जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा. १ मीटरवर आलात की ३ सेंटिमीटरहूनही कमी. डोळा धरला तर कान गेला. फोकसचा ठिपका थेट कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवा. मधल्या ठिपक्याने फोकस करून मग फ्रेम फिरवली की डोळा निसटतो. माणूस उभ्या-उभ्या डुलतोच, म्हणून सलग फोकस चालू ठेवा. दोघं असतील तर चेहरे एका रेषेत आणा आणि एफ ४ वर जा, पट्टा पाव मीटरचा होतो.

भर दुपारी एफ १.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर १/८००० च्या आसपास लागतं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं १/४००० लाच संपतं, मग फोटो पांढरा पडतो. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश एक-अष्टमांश करणारी गडद काच, लावा, नाहीतर सरळ सावलीत जा. मात्र पानांतून ऊन गळतंय असं झाड मागे घेऊ नका. प्रत्येक कवडशाची चकती होते आणि चेहऱ्यामागे सगळी वळवळ दिसते. सावलीतली, दूरची, एकसारखी हिरवी झाडी शोधा. ब्लर भरपूर असणं वेगळं आणि देखणा असणं वेगळं.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक फार तर काही मिलिमीटरचं, त्यामुळे तिथला ब्लर बहुतेक गणिताने केलेला असतो. केसांच्या आणि चष्म्याच्या कडा तपासून घ्या.

[झेड ब्रिज, संध्याकाळ]

आणि हे दिव्यांचे गोळे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला मधले गोल येतात, कडेचे मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात, कारण तिरक्या प्रकाशाला लेन्सची नळीच आडवी येते. एफ २.८ केलं की कडेचेही गोलसर होतात, पण पाच सरळ पात्यांची जुनी लेन्स असेल तर सगळेच पंचकोनी. अशी लेन्स असेल तर ती उघडीच ठेवा आणि दिवे फ्रेमच्या मध्याजवळ येतील असे उभे राहा.