तुमचा ‘हो’ समोरच्याला काय समजला?

नमस्कार मंडळी. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात तुम्ही आलात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. वाडीला माझा ट्रान्सपोर्टचा छोटा धंदा आहे, आणि माणसं सांभाळताना जे शिकलो ते सगळं एका शब्दाभोवती फिरतं, तो शब्द म्हणजे ‘हो’.

एका संध्याकाळी गोडाऊनसमोर आमच्या तीन गाड्या उभ्या होत्या. मी पोराला म्हटलं, रायपूरचा माल दोन नंबरच्या गाडीत भर. आता दोन नंबर म्हणजे माझ्या डोक्यात रजिस्टरमधली दोन नंबरची गाडी, अन् तो बघून राहिला लाईनमधली दुसरी. तो विचारायला आला पण होता, "भाऊ, दोन नंबर म्हणजे ही मधली ना?" मी फोनवर होतो, न ऐकताच हात हलवून हो हो केलं. माल जबलपूरच्या गाडीत गेला, ती देवलापारच्या पुढे गेल्यावर कळलं. ओरडलो त्या पोरावर. चूक सरळसरळ माझी होती, हे मला घरी गेल्यावर रात्री उमगलं, आणि ते अजून सलतं.

27 मार्च 1977 चा, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमान अपघात काहींनी ऐकला असेल. धुकं होतं, धावपट्टीवर दोन जंबो विमानं, एकमेकांना न दिसणारी. डच विमानाच्या को-पायलटने टेक-ऑफबद्दल असं काही मोघम सांगितलं की विमानतळावरच्या कंट्रोलरला वाटलं हे तयार होऊन थांबले आहेत, तो ‘ओके’ म्हणाला, त्यानंतर ‘थांबा’ म्हणाला ते रेडिओच्या खरखरीत नीट पोचलंच नाही. विमान निघालं. तेवढ्यात फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते दुसरं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून हो म्हणाला. कॅप्टन कंपनीतला फार मोठा, अनुभवी माणूस, त्याला पुन्हा कोण टोकणार? दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली. नंतर जगभर बोलण्याचे नियमच बदलले, नुसतं ‘ओके’ चालत नाही, मिळालेली सूचना परत म्हणून दाखवावी लागते, आणि ज्युनिअरने टोकायचं अन् कॅप्टनने ऐकायचं, याचं ट्रेनिंग सुरू झालं.

लांब कशाला जाता, आपल्या नागपूर स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीचं इंजिन घ्या. असिस्टंट लोको पायलट, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, सिग्नल बघून मोठ्याने सांगतो, लोको पायलट, म्हणजे ड्रायव्हर, तेच परत म्हणतो. दोघांनाही दिसत असतं तरी म्हणतात. मला हे फार आवडतं, कारण यात कोणाचा अपमान नाही, मोठा माणूसही परत म्हणतो.

आमच्याकडे मी हे सुरू केलं तेव्हा पोरांना वाटलं भाऊ आपली परीक्षा घेऊन राहिले. "काय समजलं, सांग" असं म्हटलं की माणूस कोमेजतो हो, त्याला शाळा आठवते. मग मी उलटं केलं, तो काही सांगायला आला की आधी मीच त्याचं बोलणं परत म्हणतो, "म्हणजे एमएच 31 वाली मधली गाडी, रायपूर, बरोबर?" महिनाभरात तेही तसंच बोलायला लागले. घरी पण करतो, आईच्या गोळ्या, पोरीची ट्यूशनची वेळ.

मागच्या आठवड्यात तोच पोरगा आला, मी फोनवर. या वेळी त्याने माझ्या ‘हो’ची वाट पाहिली नाही, म्हणाला, "भाऊ, आधी फोन ठेवा, मग हो म्हणा." मी फोन ठेवला.