कॉफी बाधते, की कॉफीसोबतचं काही?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सांगली-मिरजेकडे पाहुण्याला दिलेली कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, गोड, वर किसलेलं जायफळ. शेजारी बशीत बिस्किटं. सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन न सोसण्याचा आजार, असलेली माणसं ही कॉफी पितात आणि मग पोट धरून म्हणतात, "कॉफीत गहू असणार." तो नसतो. कॉफीच्या बीत ग्लुटेन नाही, कॉफी पावडरीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळातही नाही. ग्लुटेन असतं गहू, जव आणि राय या धान्यांत.

मग बाधलं काय? माझा पहिला संशय दुधावर. सीलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरचे बारीक अंकुर झिजवते. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज याच अंकुरांवर असतं. अंकुर झिजले की दूध पचत नाही. पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. पथ्य नीट पाळून आतडं भरून आलं की पुष्कळांना दूध परत सोसतं. तोवर कोरी कॉफी घेऊन बघा. चवीला कडू लागेल, पण दोषी दूध की कॉफी, हे तरी कळेल.

बिस्किट मैद्याचं, त्यामुळे कपात बुडवून बाजूला ठेवलं तरी चुरा आत उरतोच. माल्टच्या पौष्टिक पावडरीत जव असतं, आणि तिचाच चमचा कॉफीच्या बरणीत जातो. इतकंच काय, आपण निर्धास्तपणे खातो त्या शाळूच्या भाकरीचं पीठसुद्धा गिरणीत गव्हामागून दळलेलं असेल, तर त्रास भाकरीचा आणि नाव कॉफीचं!

छातीत धडधड, हातांना कंप, रात्री टक्क जाग, ही मात्र कॅफीनची लक्षणं. कॅफीन यकृतात मोडतं, आणि त्याचा वेग माणसागणिक वेगळा. साधारण पाच तासांनी निम्मं उरतं, म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकरालाही अर्धी अंगात असते. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते आणखी रेंगाळतं. शिवाय कॉफी पोटातलं आम्ल वाढवते, आतड्याला ढकलते. कॅफीन काढलेली कॉफीही हे थोडंफार करते. त्यामुळे कपानंतर लगेच शौचाला पळावं लागलं, तर ग्लुटेनलाच धरून बसू नका.

अजून तपासणीच झाली नसेल, तर परस्पर गहू सोडू नका. रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींत खरं चित्र दिसायला गहू खाण्यात चालू असावा लागतो.

आणि सीलिॲकमध्ये रक्त कमी असणं नेहमीचंच. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर त्यातलं बरंचसं लोह अंगी लागत नाही. गोळी आणि कप यांच्यात एक-दोन तास जाऊ द्या. गोळी लिंबू सरबताबरोबर घेतली तर उत्तम.