कलासंस्थांचं नेतृत्व खरंच बदलायचं असेल तर सही, बजेट आणि वेळ द्या

नमस्कार. कुठल्याही मोठ्या कलासंस्थेचं माहितीपत्रक हातात घ्या. मुखपृष्ठावर नाना समाजांतले कलाकार दिसतील. आता शेवटचं पान काढा, जिथे संचालक मंडळ आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची यादी छापलेली असते. तिथे ही विविधता एकदम आटते. हे अंतर कमी करायला जे नेतृत्वविकास कार्यक्रम आखले जातात ते कुठे फसतात आणि ते कसे आखावेत, ते आज सविस्तर बघू.

[पडद्यावर: ३९% आणि ९%]

आधी आकडे. ऑस्ट्रेलियात २०१९ साली डायव्हर्सिटी आर्ट्स ऑस्ट्रेलिया या संस्थेने २०० सांस्कृतिक संस्थांमधल्या नेतृत्वाच्या जागा तपासल्या. लोकसंख्येत सांस्कृतिक आणि भाषिक दृष्ट्या वेगळ्या पार्श्वभूमीचे लोक ३९ टक्के, कलाक्षेत्राच्या नेतृत्वात ९ टक्के. निम्म्याहून अधिक संस्थांमध्ये वरच्या पातळीवर त्यांच्यातलं कोणीच नव्हतं. अमेरिकेत मेलन फाउंडेशन या कलांना निधी देणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये कलासंग्रहालयांची अशीच पाहणी केली. क्युरेटर (म्हणजे काय आणि कसं मांडायचं ते ठरवणारे), जतनतज्ज्ञ, शिक्षण विभाग आणि नेतृत्व या जागांवर ८४ टक्के गोरे, ४ टक्के आफ्रिकन-अमेरिकन. सुरक्षा आणि देखभाल विभागांत मात्र बरीच विविधता होती. माणसं इमारतीत होतीच, निर्णय घेणाऱ्या खोलीत नव्हती.

यावर संस्थांचं नेहमीचं उत्तर असतं की पात्र माणसंच मिळत नाहीत. मग ती तयार करायला एक कार्यशाळा होते: आत्मविश्वास, संवादकौशल्य, दोन दिवस, प्रमाणपत्र. सोमवारी तोच माणूस त्याच खुर्चीत, तेवढ्याच अधिकारांसह परततो. पुढे बढतीच्या मुलाखतीत त्याला विचारतात, "तुम्ही किती मोठं बजेट सांभाळलंय?" बजेट तर कोणी दिलेलंच नसतं. आमचं ठाम मत आहे की अशा कार्यक्रमाचा गाभा अधिकार सोपवणं हाच असायला हवा. वर्ग, व्याख्यानं, सहली हे सगळं त्याच्या भोवती.

सुरुवात मोजणीपासून करा. आडनाव वाचून किंवा चेहरा बघून मोजू नका; लोकांनी स्वतःहून, ऐच्छिक अर्जात दिलेली माहितीच धरा. संचालक मंडळ, कार्यकारी अधिकारी आणि काय सादर करायचं ते ठरवणारे, असे तीन वेगळे आकडे काढा. सगळे एकत्र केले की चित्र खोटं सुंदर दिसतं. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा जाहीर करू नका, कारण व्यक्ती ओळखू येते. आणि गेल्या तीन वर्षांच्या भरतीत अर्ज किती आले, मुलाखतीला किती बोलावले, नेमले किती आणि दोन वर्षांत सोडून किती गेले, हेही काढा. अर्जच येत नसतील तर जाहिरात आणि ओळखीपाळखी तपासायच्या. अर्ज येतात पण नेमणूक होत नाही, तर दोष निवड समितीत. नेमून माणसं जात असतील तर प्रशिक्षणाचा पैसा वाया. आधी संस्थेतलं वातावरण बघायला हवं.

निवडीबद्दल थोडं सविस्तर. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउस या अमेरिकी अर्थतज्ज्ञांचा २०००चा अभ्यास अनेकांना माहीत असेल. वाद्यवृंदांच्या ऑडिशनमध्ये वादक परीक्षकांना दिसू नये म्हणून पडदा लावल्यावर स्त्रियांची निवड होण्याची शक्यता वाढली, असं त्यात मांडलं होतं. नेतृत्वाची मुलाखत पडद्याआड होत नाही, पण पडद्यामागचा विचार वापरता येतो. प्रश्न सगळ्यांना तेच, आणि दोन-तीन दिवस आधी लेखी पाठवलेले. प्रत्येक परीक्षकाने चर्चेपूर्वी स्वतंत्र गुण लिहायचे. चर्चा आधी झाली की सगळ्यात ज्येष्ठ माणसाचं मत सगळ्यांचं होऊन जातं. "आमच्यात मिसळेल का?" हा निकष सरळ काढून टाका. "मोठ्या संस्थेत दहा वर्षांचा अनुभव" या अटीऐवजी "शून्यातून कार्यक्रम उभा केला, निधी आणला, माणसं सांभाळली" याचा पुरावा मागा. वस्तीतला महोत्सव चालवणाऱ्याकडे तो भरपूर असतो, त्याच्या बायोडेटात मात्र त्याला भारदस्त पदनाम नसतं. अर्ज ध्वनिमुद्रित किंवा व्हिडिओ स्वरूपातही घ्या आणि मुलाखतीच्या दिवसाचं मानधन द्या. मुक्त काम करणाऱ्या कलाकाराचा तो दिवस बुडतो.

गट ८ ते १२ जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटात खरं बोलणं होत नाही. शक्य असेल तर एका संस्थेतून दोघांना घ्या. एकटा माणूस परत गेल्यावर एकटाच पडतो. मुदत १८ महिने, कारण एक पूर्ण आर्थिक वर्ष आखणीपासून हिशेब बंद होईपर्यंत अनुभवायला १२ महिने पुरत नाहीत. आठवड्याचा किमान एक दिवस पगारी, आणि त्या दिवसाचं काम करणाऱ्या बदली माणसाचा खर्च कार्यक्रमाच्या बजेटमध्ये आधीच धरलेला. ही एक ओळ विसरली की सगळं रात्री आणि रविवारी करावं लागतं, आणि घरी लहान मुलं किंवा आजारी आईवडील असलेले सगळ्यात आधी गळतात.

[पडद्यावर: अधिकारपत्र]

आता मुख्य गोष्ट, अधिकारपत्र. प्रत्येक सहभागी व्यक्तीला एक खरा विभाग, एक मालिका किंवा एक महोत्सव द्यायचा, आणि सोबत एका पानाचं लेखी पत्र. किती रकमेपर्यंत एकट्याच्या सहीने खर्च करता येईल? कोणते कलाकार घ्यायचे यावर अंतिम शब्द कोणाचा? खर्च दहा टक्क्यांहून वाढला तर कोणाला, किती दिवसांत कळवायचं? संचालक कोणत्या कारणासाठी निर्णय फिरवू शकतात आणि कोणत्या कारणासाठी नाही? हे लिहिलेलं नसेल तर पहिल्या वादग्रस्त निर्णयाला "वरून" फोन येतो आणि अधिकार तिथेच संपतो. आणखी एक: प्रेक्षक कमी आले तर संस्थेतल्या इतर प्रयोगांना जितकी माफी मिळते तितकीच इथे मिळायला हवी. एका अपयशावर अख्ख्या समाजाची पात्रता तोलली जाते, हे अनेकदा घडतं.

खरा अधिकार मिळाला की काय होतं त्याचं उदाहरण जर्मनीतल्या कासेल शहरातलं. नायजेरियात जन्मलेले ओक्वी एन्वेझोर 'डॉक्युमेंटा' या तिथल्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाच्या अकराव्या खेपेचे कलात्मक संचालक झाले. या प्रदर्शनाचे ते पहिले बिगर-युरोपीय संचालक. त्यांनी सहा सहक्युरेटर स्वतः निवडले आणि कार्यक्रम पाच टप्प्यांत मांडला: व्हिएन्ना-बर्लिन, नवी दिल्ली, सेंट लुसिया, लागोस आणि २००२ मध्ये कासेलमधलं मुख्य प्रदर्शन. सहकारी आणि जागा निवडण्याची मोकळीक नसती तर नवा संचालक आला असता, प्रदर्शन मात्र जुन्याच चाकोरीतून गेलं असतं.

पैशाचं शिक्षण बहुतेक कार्यक्रमांत अर्ध्या दिवसात उरकतात. इथे किमान सहा सत्रं द्या, आणि संस्थेची खरी कागदपत्रं वापरा. उत्पन्न-खर्च पत्रक, ताळेबंद, रोख प्रवाहाचा तक्ता. बऱ्याच संस्था गोत्यात येतात त्या रोख प्रवाहात: अनुदान मंजूर आहे, कागदावर शिल्लक दिसते, पण शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावर येणार आणि पगार या महिन्यात द्यायचेत. दुसरं, विशिष्ट कामासाठी मिळालेला निधी आणि मोकळा निधी यांतला फरक. शिक्षण प्रकल्पाच्या पैशातून वीजबिल भरता येत नाही, हे न कळल्याने चांगली माणसं अडचणीत आलेली आहेत. मग सराव असा: तिकीटविक्री अंदाजापेक्षा २५ टक्के कमी झाली, दहा दिवसांत काय कापाल, काय पुढे ढकलाल, आणि मंडळाला दोन पानांत काय लिहाल? हे तीनदा केलेली व्यक्ती मुलाखतीत वेगळ्याच ठामपणे बोलते.

मार्गदर्शक सगळेच नेमतात. मार्गदर्शक ऐकतो, सल्ला देतो. पण आपण खोलीत नसताना आपलं नाव घेणारा माणूस वेगळाच लागतो: पाठीराखा. तो पदाने वजनदार हवा आणि त्याच्याकडून ठोस कामं लिहून घ्यायची. दोन निधीदात्यांशी भेट घालून देणं, एका मंडळाच्या बैठकीला सोबत नेणं, एका रिक्त पदासाठी शिफारस करणं. रोजचा वरिष्ठ मार्गदर्शक नसावा. त्याच्यासमोर अडचण सांगितली तर ती वार्षिक मूल्यमापनात उमटण्याची भीती असते.

नेते कुठे घडतात, हेही बघा. थेल्मा गोल्डन १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम या आफ्रिकन-अमेरिकन कलेच्या संग्रहालयात इंटर्न होत्या. मग व्हिटनी म्युझियममध्ये क्युरेटर, २००० मध्ये परत स्टुडिओ म्युझियमच्या उपसंचालक, २००५ पासून संचालक. लंडनमध्ये इंदू रुबासिंघम यांनी २०१२ पासून एक नाट्यगृह चालवलं, ज्याचं नाव पुढे किल्न थिएटर झालं. २०२५ मध्ये त्या नॅशनल थिएटरच्या प्रमुख झाल्या. आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींची नृत्यसंस्था, बांगारा डान्स थिएटर. स्टीफन पेज यांनी ते १९९१ पासून तीन दशकं सांभाळलं. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रान्सिस रिंग्ज त्याच कंपनीत १९९३ मध्ये नर्तिका म्हणून आल्या होत्या, मग नृत्यदिग्दर्शक आणि सहकलात्मक संचालक होत होत प्रमुखपदी पोहोचल्या. स्टुडिओ म्युझियम आणि बांगारा या त्या-त्या समाजाच्या कलेसाठी उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. अशा संस्था माणसं घडवतात आणि मोठ्या संस्था ती उचलून नेतात. म्हणून विविधतेचा निधी फक्त मोठ्या संस्थांच्या फेलोशिपवर खर्च करणं आम्हाला चुकीचं वाटतं. त्यातला मोठा वाटा अशा समाजाच्या संस्थांना, तोही कमीत कमी तीन ते पाच वर्षांसाठी, एकत्र जायला हवा.

पद मिळाल्यावरचे धोके वेगळे. ब्रिटनमधल्या मिशेल रायन आणि अलेक्स हॅस्लम या संशोधकांनी २००५ मध्ये 'ग्लास क्लिफ' ही कल्पना मांडली: संस्था घसरणीला लागली की मग स्त्रियांना नेतृत्व दिलं जातं, पुढे इतर वंचित गटांबाबतही हा विचार मांडला गेला. कलाक्षेत्रात हे ओळखायला होकार देण्याआधी तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, राखीव निधी किती महिन्यांचा आहे आणि कर्मचाऱ्यांच्या प्रलंबित तक्रारी, एवढं मागून घ्या. देत नसतील तर तेच उत्तर समजा. करार पाच वर्षांचा मागा. नाटक, ऑपेरा, मोठी प्रदर्शनं दीड-दोन वर्षं आधी ठरतात, म्हणजे पहिला हंगाम जवळजवळ पूर्ण आधीच्या संचालकाचाच असतो. दोन वर्षांत निकाल लावणारं मंडळ नव्या व्यक्तीच्या कामाचं मूल्यमापन करतच नाही.

मंडळात एकच वेगळा सदस्य असला की तो प्रत्येक विषयावर समाजाचा प्रवक्ता होतो. तीन जागा एकदम भरा म्हणजे त्यांचे आपसात मतभेदही होऊ शकतील, जे अगदी हवंच. त्यांना फक्त जनसंपर्क समितीत टाकू नका. वित्त आणि नेमणूक समितीत जागा द्या. कागदपत्रं सात दिवस आधी, प्रवासखर्च आगाऊ, आणि सदस्यत्वाला मुदत. तीन वर्षांच्या दोन खेपा पुरेत, नाहीतर जागाच रिकामी होत नाही.

आणि ते न दिसणारं काम. भाषांतर करून दे, त्या वस्तीतल्या लोकांशी बोलून घे, विविधता समितीत बस, अहवालातल्या फोटोला ये. एका माणसाचे आठवड्याचे पाच-सहा तास असे सहज जातात आणि बढतीच्या वेळी त्याची नोंद कुठेच नसते. तीन महिने हे तास लिहून ठेवा. मग एकतर ते काम पदाच्या जबाबदाऱ्यांत घालून त्याचा पगार द्या, किंवा सगळ्या टीममध्ये वाटा. यात वर्गही विसरू नका. एखाद्या अल्पसंख्य समाजातला, पण सुखवस्तू घरातला, महागड्या शाळेत शिकलेला माणूस नेमला की संस्थेला वाटतं काम झालं, आणि त्याच समाजातल्या कष्टकरी घरातल्या कलाकारासाठी दार तसंच बंद राहतं.

शेवटी मोजमाप. कार्यक्रम संपल्यावर "अनुभव कसा वाटला?" या प्रश्नावर पाचपैकी साडेचार गुण मिळतात, त्याने काही कळत नाही. एक, तीन आणि पाच वर्षांनी प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा. तुमच्या सहीने वर्षाला किती रक्कम खर्च होते? किती माणसांची नेमणूक तुम्ही केलीत? अजून या क्षेत्रात आहात का, आणि नसाल तर कोणत्या महिन्यात, कशामुळे सोडलंत? हा शेवटचा प्रश्न संस्थेबाहेरच्या माणसाने फोनवर विचारावा. नोकरी देणाऱ्याच्या फॉर्मवर त्याचं खरं उत्तर कोणी लिहीत नाही.