विसरण्याच्या वीस वर्षं आधी

(दृश्य: ठाण्याची तलावपाळी, पहाट. चालणाऱ्यांची वर्दळ.)

तलावपाळीवर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांत साठी उलटलेली मंडळीच जास्त. जाता जाता कोपिनेश्वराला बाहेरूनच नमस्कार, आणि मग पेन्शन, गुडघे, सून या क्रमाने गप्पा. माणसं ठणठणीत. पण यांतल्या काहींच्या मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन आत्ताही साठत असेल. त्यांच्या चालण्या-बोलण्यात त्याचा मागमूस नाही. अल्झायमर्सची लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच ही साठवण सुरू होते. पंचाहत्तरीला घरच्यांना 'एकाएकी' जाणवलेला आजार आत शिरला, तेव्हा माणूस बहुधा रोज आठ बावीसची लोकल पकडत होता.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत काय सापडलं ते मांडलं. पेशींच्या बाहेर प्रथिनाचे साठे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. ते साठे अमायलॉइडचे, तो गुंता टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा. पुढची जवळपास शंभर वर्षं हे सगळं खात्रीने पाहायचं तर माणूस जाण्याची वाट पाहावी लागे. २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला शहरात जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड पेट स्कॅनवर पहिल्यांदा टिपलं गेलं. पुढे धडधाकट ज्येष्ठांचेही स्कॅन झाले. कसलीच तक्रार नसलेल्या कित्येकांमध्ये ते सापडलं.

(दृश्य: राम मारुती रोड. रिक्षा, दुचाक्या, पिशव्या घेतलेली माणसं.)

टाऊचा गुंता मेंदूच्या बाह्य थरात सगळीकडे एकदम होत नाही. कानाच्या वरच्या बाजूला, आत खोलवर, एंटोरायनल कॉर्टेक्स नावाचा छोटासा भाग आहे. सुरुवात बहुधा तिथून होते, मग शेजारच्या, नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसची पाळी. आपण कुठे आहोत, कुठल्या दिशेला चाललोय, याचा नकाशा एंटोरायनल कॉर्टेक्समधल्या पेशी सांभाळतात. त्या शोधून काढणाऱ्या मोझर दाम्पत्याला जॉन ओ'कीफ यांच्यासोबत २०१४ चं नोबेल मिळालं. हाच भाग आधी बिघडतो, म्हणून काहींच्या बाबतीत नावांच्या आधी रस्ते हरवू लागतात. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर तरुणसुद्धा वळण चुकतात, ते सोडा. चाळीस वर्षं ज्या गल्लीतून भाजी आणली, तिच्या तोंडाशी उभं राहून डावीकडे की उजवीकडे असा प्रश्न पडणं वेगळं.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर हिशेबाची वही. पानं उलटणारा हात.)

ही वही नौपाड्यातल्या एका निवृत्त कारकुनांची. अक्षर मोत्यासारखं. दूध, इस्त्री, गॅस, बेरीज खाली लाल शाईत. थोडी पानं पुढे जाऊ. एकाच तारखेला दूध दोनदा लिहिलंय. विजेचं बिल भरल्याची नोंद आहे, पावती नाही. पुढच्या पानावर बेरीज खोडून पुन्हा केली आहे, तीही चुकलेली. अक्षर मात्र तसंच सुरेख, म्हणून घरात कुणाला शंका आली नाही. अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या आर्थिक नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश; अल्झायमर्स हा त्याचाच एक प्रकार) झाला, त्यांचे हप्ते आणि बिलं थकायला निदानाच्या सहा वर्षं आधीपासून सुरुवात झाली होती. आपण मात्र आईला पंतप्रधानांचं नाव विचारतो, आणि तिने सांगितलं की निश्चिंत होतो.

(दृश्य: मराठी ग्रंथसंग्रहालय. वर्तमानपत्रं वाचणारे ज्येष्ठ.)

आता गोष्ट थोडी वाकडी होते. अमेरिकेत १९८६ साली ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) अभ्यास सुरू झाला. मृत्यूनंतर आपला मेंदू तपासायला त्यांनी संमती दिली होती. काहींच्या मेंदूत आजाराच्या भरपूर खुणा निघाल्या, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. शिक्षण, वाचन, माणसांत मिसळणं यांतून मेंदूची शिल्लक वाढते आणि झीज झाली तरी काम निभतं, असं संशोधक मानतात. १८९३ पासून चालत आलेल्या या ग्रंथालयातला वाचक कुणी औषध म्हणून इथे येत नाही, म्हणूनच तो रोज येतो.

आणि म्हणूनच, काहीही त्रास नसताना उगाच स्कॅन किंवा रक्ततपासणी करून घेऊ नये, असं आमचं मत. रक्तातल्या टाऊ आणि अमायलॉइडच्या गुणोत्तरावरून मेंदूतल्या अमायलॉइडचा माग काढणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, तीही पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या, लक्षणं दिसू लागलेल्या माणसांसाठी. अमायलॉइड हटवणारी नवी औषधं आजाराचा वेग थोडा कमी करतात, तो थांबवत नाहीत. शिवाय मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतोच.

(दृश्य: उघडलेला ड्रॉवर. डबीत श्रवणयंत्र.)

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी चौदा कारणं मोजली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा वगैरे. ती आयुष्यभर आवरली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज. त्यांत कमी ऐकू येणं वरच्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे हजारो रुपयांचं यंत्र 'कानात कुईं करतं' म्हणून ड्रॉवरमध्ये पडून असतं. ते दुकानात परत नेऊन नीट बसवून घ्यायला एक दुपार पुरते. आणि वहीतल्या बेरजा चुकू लागल्या असतील, तर डॉक्टरांकडे जाताना ती वहीच सोबत न्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस असाच विसरभोळा होतो, आणि त्यांवर उपचार आहेत. ते आधी तपासतील.