कानातला इअरफोन बदलायचा का?

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण अर्धा सरला की कोकणात घरोघरी दोन याद्या निघतात. एक गणपतीवरच्या माटवीला काय काय बांधायचं त्याची, आणि दुसरी मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला सांगायच्या सामानाची. या दुसऱ्या यादीत हल्ली कानात घालायचा इअरफोन असतोच. गंमत म्हणजे ज्याने तो लिहिलेला असतो, त्याच्या खिशात आधीचा एक चांगला वाजत असतो.

माझं काम भजनाच्या बाऱ्यांना आणि नाटकांना साऊंड लावण्याचं. त्यामुळे वाडीतली मुलं मला विचारतात, "काका, ह्यो बरो वाजता, पण ह्याच्यापेक्षा भारी घेव काय?" मी उलट विचारतो, "ह्याच्यात तुका काय ऐकूक येना नाय?" यावर बहुतेकजण गप्प होतात. मित्राने नवा घेतलाय, सेल लागलाय, बोनस हातात आहे, एवढंच कारण असतं. अशा वेळी मी सरळ सांगतो, थांब. पण एखादा म्हणतो, "पखवाजाची कणीक लावलेली बाजू, तो धामा, नुसता टपटप वाजतो, घुमत नाही," किंवा "गाडीत बसलो की भजन गाणाऱ्या बुवांचे शब्दच कळत नाहीत." त्याच्याशी मात्र मी बसून बोलतो. तक्रार शब्दांत सांगता आली, तरच तिच्यावर पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवता येतं. आणि तशी ती सांगता आली तरी दोष इअरफोनचाच असेल असं नाही.

पहिला संशयित म्हणजे कानात जाणारं रबर. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापं येतात. आपण मध्यम माप आधीच बसवलेलं पाहतो आणि बाकीची खोक्यासकट माळ्यावर टाकतो. कानातल्या इअरफोनमध्ये खर्ज, म्हणजे आपण ज्याला बेस म्हणतो तो, उभा राहतो बंद हवेवर. इअरफोनचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामधली जागा हवाबंद हवी. जरा फट राहिली की आधी बेस पळतो. भाता फाटलेल्या पेटीसारखंच ते, सूर सगळे जागेवर असतात पण दम नसतो. गाणं चालू असताना दोन्ही इअरफोन बोटाने हलके आत दाबा. एकदम भरदार वाजायला लागलं, तर रबराचं माप चुकलंय. मोठं लावून बघा. डावा आणि उजवा कान सारख्या मापाचा असतोच असं नाही, तेव्हा एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठं लावलं तरी काही बिघडत नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते आणि इअरफोन नीट बसतो. फोमची रबरं मिळतात, ती चिमटीत दाबून घातली की आत फुगून जागा भरतात आणि बाहेरचा गलकाही अडवतात. आपल्या घामट हवेत ती लवकर खराब होतात, हे मात्र लक्षात ठेवा. तरी हा सगळा खर्च काही शे रुपयांचा. पाच हजारांचा नवा इअरफोन घेऊन त्यालाही चुकीचंच रबर लावणारे मी पाहिलेत.

दुसरा संशयित म्हणजे इअरफोनच्या तोंडावरची जाळी. "एका बाजूने आवाज कमी येता," ही तर रोजची तक्रार. डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून बघा. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनचा, आणि बहुतेक वेळा तो जाळीवर बसलेला कानातला मळ असतो. जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं. पिन खुपसायची नाही, पाणी लावायचं नाही. पण अदलाबदल करूनही कमी आवाज त्याच कानात राहिला, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. हो, ही अदलाबदल करण्याआधी फोनच्या सेटिंगमधे डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मध्यावर आहे ना, तेही बघा. घरातल्या पोरांनी ती कधी सरकवली ते कळतसुद्धा नाही.

आता आपल्या हवेबद्दल. देवगड, मालवण, हर्णै कुठेही जा, किनाऱ्यावर हवेतच मीठ आहे. खोक्यावर आयपीएक्स ४, आयपीएक्स ७ असे आकडे असतात. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालेल, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडाला तरी चालेल. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते. खारं पाणी आणि घाम यांची हमी त्यात नाही. चार्जिंगच्या बारीक टोकांवर आणि वायरच्या जोडावर मीठ बसलं की ती काळी-हिरवी पडायला लागतात, आणि त्यात महाग-स्वस्त असा भेद नाही. वापरून झाल्यावर किंचित ओलसर फडक्याने, मग कोरड्याने पुसा. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी फेकू नका, इअरफोनच्या डबीशेजारी एका बरणीत ठेवा. पावसात ही पुडी किंमत वसूल करते.

आणि पावसावरून आठवलं. कान ओला असताना, म्हणजे भिजून आल्यावर किंवा समुद्रात डुंबून आल्यावर, इअरफोन घालू नका. नळी आधीच दमट, त्यात रबराचं बूच. बुरशी वाढायला आणखी काय हवं? कानात सतत खाज येत असेल, पाणी येत असेल, तर इअरफोन बदलण्याचा विचार बाजूला ठेवून तो काही दिवस घालणंच बंद करा आणि कान दाखवा.

आता ज्यांना खरंच नवा हवा, त्यांच्याबद्दल. कोकणकन्या किंवा तुतारीने जाणारे-येणारे या गटात पहिले. १९९८ साली रोह्यापासून ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि आपण घाटाच्या वळणांऐवजी बोगदे मोजायला लागलो. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदाच ६.५ किलोमीटरचा. स्लीपरच्या डब्यात खिडकी उघडी असते आणि गाडी बोगद्यात शिरते, तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे गाणं काय येणार? मग आपण आवाज वाढवतो. बोगदा संपतो, वाढवलेला आवाज तसाच राहतो. त्या घरघरीत सगळ्यात आधी बुडतो तो बेस, म्हणून माणसाला वाटतं आपला इअरफोनच हलका आहे.

हा वाढवलेला आवाज किती महागात पडतो ते ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० डेसिबलला आठवड्याचे मिळून जेमतेम ४ तास. मुंबई ते कुडाळ एका रात्रीत ते सहज संपतात. अशा माणसाने बाहेरचा आवाज अडवणारा इअरफोन घेतला तर मी त्याला चैन म्हणणार नाही. साधं घट्ट बसणारं रबरही बरंच काम करतं. त्यापुढे नॉइज कॅन्सलिंग येतं. त्यात बाहेरचा माईक आवाज टिपतो आणि आत त्याची उलटी लाट सोडली जाते. गाडीचा, इंजिनाचा सलग, खर्जातला आवाज त्याने छान मरतो. बाजूच्या बर्थवरचं रडणारं पोर आणि चहावाल्याची हाक मात्र त्याला फारशी आवरत नाही. मोटरसायकलवर आणि होडीवर हे लावू नका. तिथे हॉर्न आणि तांडेलाची हाक ऐकू यायलाच हवी.

दुकानात किंवा मित्राकडे दोन इअरफोन ताडून बघताना एक फसगत हमखास होते. जो जरा मोठ्याने वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. फोनवर आवाजाची पट्टी त्याच खुणेवर असली तरी दोन इअरफोन सारख्या आवाजात वाजत नाहीत. तेव्हा आधी कानाने दोघांचा आवाज एका पातळीवर आणा, मगच निवाडा करा. आणि दुकानदाराचं धडधडणारं गाणं नको, आपलं तोंडपाठ असलेलं काहीतरी लावा. मी भजनाचं नीट केलेलं रेकॉर्डिंग लावतो, कारण एवढ्या वेगवेगळ्या जातीचे आवाज एकत्र दुसरीकडे क्वचित मिळतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा येतो का, आणि आला तर तो पुढच्या ठेक्याआधी थांबतो का, की नुसता चिखल होतो? बुवांचा गळा आणि पेटी एकाच पट्टीत चालतात, ती वेगळी कळतात का? मागचा कोरस एक गठ्ठा वाटतो की माणसं वाटतात? आणि झांज. झांज खरी कसोटी घेते. पहिल्या मिनिटाला जो इअरफोन झांज चकचकीत वाजवून खूश करतो, तोच अर्ध्या तासाने कान सोलतो. म्हणून दोन मिनिटांत निकाल देऊ नका, एक अख्खा गजर ऐका.

यात एक मेख आहे. आपण रोज ऐकतो ती डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, रेकॉर्डिंगं बहुतेक कुणीतरी मंडपात मोबाईल धरून केलेली असतात. त्यात जनरेटरची गुणगुण असते, माईकची शिट्टी असते, पुढच्या रांगेतला खोकला असतो. चांगला इअरफोन हे सगळं काढून टाकत नाही, उलट जास्त स्पष्ट ऐकवतो. तुमचं ऐकणं मुख्यतः असलंच असेल तर दहा हजार घालून तुम्ही खोकला विकत घ्याल. तसंच गावातल्या रेंजचं. नेट कमी पडलं की गाण्याचं ॲप आपोआप हलक्या दर्जाचं गाणं पाठवतं. ॲपच्या सेटिंगमधे दर्जा वरचा ठेवा, वायफाय मिळेल तिथे गाणी उतरवून घ्या. कितीतरी जणांना तेवढ्यानेच नवा इअरफोन घेतल्यासारखं वाटेल. इक्वलायझर, म्हणजे बेस आणि वरचे सूर कमी-जास्त करायची फोनमधली सोय, तीही फुकटच आहे. टोचणारा भाग जरा खाली करा, आठ दिवस तसंच ऐका.

खोक्यावरच्या आकड्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. ४० हजार हर्ट्झपर्यंत वाजतो म्हणतात. माणसाचा कान तरुणपणीच फार तर २० हजारांपर्यंत जातो, पन्नाशीनंतर त्याच्या बराच खाली. आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवले स्पीकर, किती, हाही मोजून भुलण्याचा विषय. नीट बसवलेला एक ड्रायव्हर विस्कळीत पाचांपेक्षा कधीही बरा. ब्लूटूथवरून वरच्या दर्जाचं गाणं पाठवायची एलडॅक वगैरे पद्धत फोन आणि इअरफोन दोघांनाही येत असेल तरच उपयोगी, आणि आयफोनमधे एलडॅक नाहीच. आणि कुणी म्हणालं की शंभर तास वाजवा, मग खुलेल, तर मी हसून मान हलवतो. माझ्या मते त्या शंभर तासांत बहुतेक वेळा तुमचा कान सरावतो, आणि तेवढ्यात वस्तू परत करायची मुदत संपते.

वायरवाला की बिनवायरचा? बिनवायरच्या प्रत्येक बोंडात इवलीशी लिथियम बॅटरी असते. रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत तिचा जोर ओसरतो, आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. म्हणजे आवाज कितीही सुरेख असला तरी त्याला मुदत आहे. नॉइज कॅन्सलिंग हवं असेल तर तो खर्च करा, नुसत्या आवाजासाठी करू नका. चाली बसवायला, बुवांच्या हरकती पुन्हा पुन्हा ऐकायला ज्याला इअरफोन हवा, त्याला मी दीड-दोन हजारांतला वायरवाला सुचवतो, ज्याची वायर काढता येते असा. आधी तुटते ती वायरच, आणि मग तेवढीच बदलता येते. घेताना वायरचा जोड दोन पिनांचा आहे की एमएमसीएक्स नावाचा गोल, हे लिहून ठेवा, नाहीतर चुकीची वायर घरी येईल. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड मिळतो. पावसात दोन दिवस लाईट नसली तरी याला चार्जिंग लागत नाही, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

आणि नवा बिनवायरचा आला म्हणून जुना वायरवाला लगेच टाकून देऊ नका. ज्या फोनमधे एफएम रेडिओ आहे, त्यातल्या बहुतेकांत ही वायरच ॲंटेना म्हणून काम करते. ती लावली नाही तर फोन रेडिओ सुरूच करत नाही, किंवा नुसती खरखर येते. बिनवायरच्या बोंडांना ते जमत नाही. नेट नसलेल्या वाडीत हे भाषण कुणी फोनवर ऐकत असेल, तर ते बहुधा तसल्याच एखाद्या जुन्या वायरच्या जिवावर. नमस्कार.