ड्यूक बोलतो, दूत ऐकतो

(दृश्य : इटलीतलं फेरारा शहर. तिथल्या एस्ते या ड्यूक घराण्याचा विटांचा किल्ला, भोवती खंदक.)

ड्यूक पडदा बाजूला सारून एक चित्र दाखवतो : ही माझी आधीची डचेस, म्हणजे पत्नी. पाहणारा आहे एका काउंटचा दूत. त्याच्या धन्याच्या मुलीशी ड्यूकच्या लग्नाची बोलणी चालली आहेत.

हा प्रसंग इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’ या कवितेतला; ती १८४२ साली प्रसिद्ध झाली. छप्पन्न ओळींत दूताच्या तोंडी एकही शब्द नाही, तरी तो सतत जाणवतो. ‘असं विचारणारे तुम्ही पहिले नाही,’ असं ड्यूक म्हणतो, तेव्हा दूताच्या नजरेतला प्रश्न कळतो. ‘नाही, आपण बरोबरच खाली जाऊ,’ म्हणतो, तेव्हा दूत अदबीनं मागे राहिला होता, की घाईनं पुढे निघाला होता? ब्राउनिंग सांगत नाही. ड्रॅमॅटिक मोनोलॉगचा, म्हणजे एका काल्पनिक पात्रानं गप्प श्रोत्यापुढे बोललेल्या कवितेचा, जीव इथे आहे. हॅम्लेटच्या स्वगताला समोर कुणी लागत नाही. इथे समोरच्या माणसावर छाप पाडायची आहे, आणि त्या भरात बोलणारा स्वतःलाच उघडं पाडतो.

पत्नीचा गुन्हा काय? मावळतीचा उजेड, कुणी आणून दिलेली चेरीची फांदी, पांढरं खेचर आणि ड्यूकचं नऊशे वर्षांचं घराणं, सगळ्याला ती सारख्याच आनंदानं दाद द्यायची. ‘मी हुकूम दिले, मग सगळी स्मितं एकदम थांबली.’ काही ओळींतच हुंड्याचा विषय निघतो. हुकमापेक्षा ही सहजता जास्त भयंकर आहे.

(दृश्य : छापील पान, ओळींच्या शेवटची यमकं ठळक.)

या अठ्ठावीस यमकजोड्या आहेत, पण वाक्यं ओळ ओलांडून पुढे वाहतात. मोठ्यानं वाचताना प्रत्येक यमकावर थांबलात तर नुसता ठेका उरतो आणि ड्यूकचा बोलण्याचा सूर हरवतो. विरामचिन्हांवर थांबा; यमक आपोआप, दबक्या आवाजात ऐकू येतं.

बोलणाऱ्याला कवी समजणं ही नेहमीची चूक. हे उद्गार काल्पनिक व्यक्तींचे आहेत, माझे नव्हेत, असं ब्राउनिंगनं १८४२च्या संग्रहातच बजावलं होतं. पण ड्यूकला खलनायक ठरवून मोकळं होणंही अपुरंच. त्याची रसिकता, त्याची भाषा आपल्याला खिळवून ठेवते. दूताच्या जागी आपणही निमूट ऐकत असतो.

समोर ठरलेला श्रोता असण्याचा हा साचा सगळ्याच कवींनी वापरला नाही. ब्राउनिंगचा समकालीन कवी टेनिसन याच्या ‘युलिसिस’ या कवितेत ग्रीक कथांमधला वीर युलिसिस बोलतो. खलाशांना थेट हाक येते ती उत्तरार्धात, तोवर युलिसिस कुणाशी बोलतोय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.