यात त्याचं काहीच नाही
(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

मला आज ‘आठवणीतले कोल्हापूर’ या विषयावर बोलायला सांगितले होते, आणि रंकाळ्यापासून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यापर्यंतचे सगळे मुद्दे मी कागदावर लिहूनही आणले होते. तो कागद खिशातच राहू देतो. जानेवारीत गावी गेलो असताना तेरा वर्षांच्या पुतणीने एक वाक्य ऐकवले आणि ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून जायला तयार नाही.

संक्रांतीच्या तोंडावर महापालिकेची निवडणूक होती. २०१५ नंतर पहिलीच असल्यामुळे दहा वर्षांची हौस लोक एकदम फेडून घेत होते. सकाळपासून रिक्षांवरचे कर्णे, संध्याकाळी हलगी आणि मधूनमधून फटाक्यांच्या माळा असा कार्यक्रम होता. आमच्या दादाचा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला आपण शौर्य म्हणू. तो स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. फटाक्यांची माळ लागली की तो कान दाबून जिन्याखाली बसतो, पण कर्ण्यावरचे बोलणे मात्र त्याला आवडते. स्वतःचे वाक्य जुळवणे त्याला जड जाते, ऐकलेले मात्र तो जसेच्या तसे म्हणून दाखवतो. अशा मुलांपैकी अनेकांचे बोलणे याच वाटेने येते. रिक्षातला माणूस जिथे श्वास घ्यायचा तिथेच शौर्य श्वास घ्यायचा, आणि सुरुवातीची कर्ण्याची खरखरसुद्धा घशातून काढायचा.

एका संध्याकाळी उमेदवार दारात आले. नमस्कार-चमत्कार चालू असताना शौर्यने त्यांचाच प्रचार सुरू केला: रस्ते, गटारी, पथदिवे, चोवीस तास पाणी आणि शेवटी ‘प्रचंड मतांनी विजयी करा’. उमेदवार खूश झाले, “हा तर आमचा कार्यकर्ता,” म्हणाले आणि फोटोसाठी त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्याने तो झटकला आणि लगेच विरोधी उमेदवाराचा प्रचार चिन्हासकट म्हणून दाखवला. सगळे हसले, मीही हसलो. ते हसणे ओसरल्यावर ईश्वरी, म्हणजे त्याची बहीण, सहज म्हणाली, “मी दोन्ही नीट ऐकलं. यात त्याचं काहीच नाही.”

उमेदवार तसे सज्जन होते. त्यांनी लगेच विचारले, “काय पाहिजे त्याला? तीनचाकी सायकल देऊ.” शौर्य त्या वेळी पायरीवरून अंगणात आणि अंगणातून पायरीवर उड्या मारत होता.

आता वहिनींबद्दल सांगतो. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ते आहे. याच कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा आहे. हे सगळे वहिनींना तोंडपाठ आहे, कारण प्रमाणपत्रासाठी आणि कार्डासाठी रांगेत उभे राहून त्या ते शिकल्या आहेत. त्यांनी उमेदवारांना विचारले की पाच टक्क्यांतले किती पैसे स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीवर जातात, पालिकेच्या शाळांत विशेष शिक्षक किती आहेत, आणि एखाद्या शाळेने मुलाला तोंडी परत पाठवले तर तक्रार कुणाकडे करायची. उमेदवार मोबाइल बघू लागले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, “शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना रुपया दंड होता. मी घालायला गेले तर शाळा घेत नाही. आता दंड कुणी भरायचा?”

“निवडून आल्यावर बसू,” असे ठरले आणि हलगी पुढच्या दारात गेली.

रात्री घरात वाजले. दादा म्हणाला, “तालमीत बैठक झालीय. आमचं ठरलंय.” वहिनी म्हणाल्या, “तुमचं ठरलंय. माझं ठरायचंय.” एका पोरापायी सगळ्या पेठेशी वाकडे घ्यायचे का, असे दादा विचारत राहिला. आणि मी, बावीस वर्षे अमेरिकेत राहून शहाणा झालेला धाकटा दीर, मध्ये पडलो आणि सांगितले की प्रगल्भ मतदार एकाच प्रश्नावर मत देत नसतो. वहिनींनी भाकरी उलटली आणि शांतपणे विचारले, “भाऊजी, तुमच्याकडं तुम्ही काय बघून मत देता?”

मित्रहो, मी व्हिसा म्हणालो, कर म्हणालो. एका निवडणुकीत तर मी ज्यांना मत दिले ते आपल्या दिवाळीला आले होते, फेटा बांधून घेतला होता, आणि माझ्यासोबतचा त्यांचा फोटो अजून माझ्या दिवाणखान्यात आहे, हे मी म्हणालो नाही. त्या फोटोसाठी मी तीन जणांना कोपराने बाजूला सारले होते, आणि त्यांतले दोघे आज समोर बसले आहेत.

परत आल्यावर मी वाचायला बसलो. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या इथल्या १९७५च्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष फोर्ड एका पक्षाचे होते आणि तो मंजूर करणाऱ्या काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, बहुमत दुसऱ्या पक्षाचे, त्यामुळे नुसता पक्ष पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्या कायद्याने या मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चासाठी दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्रीय मदतीची मर्यादा ठरवली, पण इतकी मदत आजवर एकाही वर्षी मिळालेली नाही. म्हणून दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारावा की अर्थसंकल्पात या रकमेच्या बाजूने तुम्ही हात वर केला होता का. दुसरा प्रश्न मेडिकेड वेव्हरच्या, म्हणजे अपंगांना घरी राहून मदतनीस आणि इतर सेवा देणाऱ्या सरकारी योजनेच्या, प्रतीक्षायादीचा. काही राज्यांत ती वर्षानुवर्षे हलत नाही, आणि नोकरीसाठी राज्य बदलले की नव्या राज्यात पुन्हा शेवटी उभे राहावे लागते. आपण तर दर चार वर्षांनी घर हलवणारी माणसे. तिसरा प्रश्न असा की शाळेची जबाबदारी विशीच्या सुरुवातीला संपली आणि सकाळची पिवळी बस यायची बंद झाली, की त्या मुलाने दिवसभर कुठे जायचे.

काही उमेदवार या विषयावर फार बोलतात, पण ते सगळे बोलणे स्वमग्नता कशामुळे होते याबद्दल असते. लसीमुळे होते असे सुचवणारा १९९८चा लेख त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी ते भाषण काही मागे घेतले जात नाही. कारणांचे संशोधन जरूर व्हावे, पण बस, थेरपिस्ट आणि शिक्षक यांबद्दल ज्याच्याकडे एकही वाक्य नाही, त्याचा कळवळा मी तरी हिशेबात धरत नाही. येत्या २ एप्रिलला, स्वमग्नता जागृती दिनाला, निळे दिवे लावून फोटो टाकणाऱ्यांनाही मी माझ्या दिवाणखान्यातल्या फोटोच्याच रांगेत बसवतो.

आता थोडे आपल्याबद्दल, आणि यात आधी मीच आहे. इथल्या सरकारी पाहणीचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला आकडा आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एक असा आहे. आपल्या गणपतीला शंभरावर मुले येतात, म्हणजे त्यांत तीन-चार तरी अशी असायला हवीत. मी बारा वर्षांत एकच पाहिला. ढोल-ताशा सुरू झाल्यावर तो किंचाळू लागला, तेव्हा त्याच्या आईला “जरा बाहेर घेऊन जाता का,” असे सांगणारा त्या वर्षीचा सचिव मीच होतो. त्या बाहेर गेल्या आणि पुढच्या वर्षी आल्या नाहीत. आपल्यापैकी किती जण घरातले निदान मंडळात सांगत नाहीत, बाहेर कळले तर लोक काय म्हणतील या धास्तीने गप्प राहतात, हे मला माहीत नाही. पण ज्याचा आवाज आपल्याच सभागृहात येत नाही, त्याच्याबद्दल उमेदवाराने आपल्याला आपण होऊन काही सांगावे, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू? नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी मंडळ उमेदवारांना पुन्हा बोलावणार आहे. फेटे बांधावेत, समोसेही असावेत, पण हे तीन प्रश्न छापील कागदावर त्यांच्या हातात द्यावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. ढोल-ताशाची वेळ आधी कळवावी आणि बाजूची एक खोली शांत ठेवावी, ही दुसरी. ती मी सचिव असताना करता आली असती.

दादा-वहिनींच्या भांडणाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. नव्या रचनेत एका प्रभागातून चार जण निवडायचे होते, त्यामुळे प्रत्येकाला चार मते होती. तीन तालमीने ठरवलेल्यांना आणि एक वहिनींच्या मनाने, असा तह झाला. ते चौथे मत कुणाला दिले हे त्यांनी दादाला अजून सांगितलेले नाही. मला सांगितले, पण त्याच दमात असेही म्हणाल्या की प्रश्नांचे उत्तर कुणीच दिले नव्हते, एकाने फक्त ते वहीत लिहून घेतले होते.

आमच्या पाठीमागे याचे कोण, हा प्रश्न मात्र दोघे एकमेकांसमोर काढत नाहीत. तो मला वेगवेगळा, फोनवर विचारतात. दोघांचाही रोख ईश्वरीकडे आहे, आणि ती तेरा वर्षांची आहे.

मागच्या रविवारी बोलताना मागून कर्ण्याची खरखर ऐकू आली. शौर्य अजून प्रचार करतो आहे, आणि तोही पडलेल्या उमेदवाराचा. निवडून आलेल्या साहेबांचे घर त्याच गल्लीत आहे. वहिनी वही घेऊन दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा साहेब बाहेर गेले होते.